काज

किरणपाणीच्या धक्क्याला होडी टेकली
तेव्हा मागे वळून पाहिलं. आरोंद्याचा पिंपळ
तेवढाच, नेहमीएवढा.
खाडीच्या इकडे दुसरं राज्य लागतं
हे पाण्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आल्फांदवाल्याने पिशवी उपडी केली.
सुयांची पुडी मोजली, दोनदा.
टेप हातभर उलगडून उजेडात धरली,
आकड्यांवरून बोट फिरवलं
आणि शेजारच्या पाखल्याला काहीतरी म्हणाला.
दोघे हसले. मीही हसलो.
परमुलखात मी केलेली पहिली गोष्ट ती,
न कळता हसणं.

म्हापशाला मेस्त इनासच्या दुकानात
तिसरं मशीन माझं.
पगार ठरला तो रुपयांतच,
पण नोटेवर कुणी लांब दाढीचा अनोळखी बसलेला.
रात्री ती उशाखाली ठेवली तर झोप येईना,
घरात पाहुणा आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मेस्त म्हणाला,
तुजी ती इंचांची दोरी पेटयेंत दवर,
हांगा मेत्र चलता.
छत्तीस छाती, अठरा पाठ,
सगळी माणसं मी आजवर इंचांतच ओळखलेली.
इथे काडीपैलवान पोरगासुद्धा नव्वद भरला!
दुकान बंद झाल्यावर
दिव्याखाली मी स्वतःलाच मोजलं,
मान, खांदा, मनगट.
आकडे भलतेच आले.
माणूस तोच असावा.

शुक्रवारच्या बाजारात
मांद्र्याची एक बाई मिरच्या घेऊन बसली होती.
तिचा हेल थेट आमच्या आयेचा.
अर्धा शेर घेतल्या, भाव न करता.
मग आठवलं, जेवतो मी खाणावळीत.
त्या मिरच्या अजून खुंटीला आहेत,
मशीनच्या वर, वाळून खुळखुळतात.

घरी पत्र टाकलं.
टपालातला म्हणाला, बेळगावावरून फिरून जाईल,
पंधरा दिवस धरा.
होडीला पाव तास लागतो, मी म्हटलं.
त्याने शिक्का मारला.

आसगावचा बाश्तियांव कोट शिवायला आला.
तपकिरी कापड, बोटीची तारीख ठरलेली, जायचं मोंबासाला.
तिथे थंडी असते का, त्याने मला विचारलं.
मला!
मी मनात इंच केले, हातांनी कापलं,
बाही तीन बोटं तोकडी झाली.
मेस्ताने कात्री आपटली.
बाश्तियांव मात्र मनगटाकडे बघत राहिला,
म्हणाला, थंय म्हजी बाही कोण मेजतलो?

त्यानंतर मला कात्री नाही.
आठ दिवस नुसती काजं.
कुणाच्याही सदऱ्याची, कुणाच्याही कोटाची,
चीर द्यायची आणि कडा बांधत जायच्या,
अंगठ्याला दोऱ्याची खाच पडेपर्यंत.
एका दुपारी पाऊण दुकान पेंगत असताना
मेस्त विचारतो, तुमगेर काजाक कितें म्हणटात?
काजच.
तो खो खो हसला.
अरे, तें उतर पाखल्यांचें.
तांच्या भाशेंत काज म्हळ्यार घर.

सुई थांबली माझी.
आज्यापासून आमच्याकडे काज म्हणजे काजच होतं.
ते खाडी ओलांडून कधी आलं असेल,
कुणाच्या होडीतून,
आणि आमच्या धक्क्यावर त्याची पिशवी
कुणी उपडी केली असेल?
आईने पहिलं काज शिकवलं तेव्हा म्हणाली होती,
आतून घट्ट कर, बाहेरून आपोआप दिसतं.

बाश्तियांवच्या कोटाला तीन काजं लागत होती.
तीन केली. चौथं केलं
आतल्या खिशाच्या मागे, अस्तरावर,
जिथे बटण नाही, येणारही नाही.
मेस्ताने कोट उलटा करून पाहिला,
चष्मा वर सारला,
बोट त्या काजातून आरपार घातलं,
आणि तसाच घडी करून
कागदात बांधायला दिला.