चार सेकंदांची फट

सॅल्फर्डला, कालव्याकाठच्या काचेच्या इमारतीत
मी दुसऱ्यांचे डोळे म्हणून नोकरी करते.
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी
मालिकेतलं दिसणारं बोलून ठेवते
दोन संवादांच्या मधल्या फटीत.
फट चार सेकंदांची. कधी अडीच.
अडीच सेकंदांत माणसाला शिवी देता येते,
ओळख करून देता येत नाही.

आज सहावा भाग. इन्स्पेक्टर बाई.
हिला कुणीच नको आहे, ना पुरुष ना बाई,
म्हणून हिच्या फ्रिजमध्ये एकच लिंबू
आणि ही प्रेतांशी बरी बोलते.
मी म्हणते: ती फ्रिज उघडते. लिंबू.
(नवव्या भागात हिला बरं करणार आहेत.
वादळ, बंद रस्ता, हॉटेलात एकच खोली शिल्लक.)

मलाही कुणी नको आहे.
माझ्या फ्रिजमध्ये मेथी, तीन लोणची,
शेजारच्या टोबायसच्या वाढदिवसाचा अर्धा केक,
त्यावर त्याच्या नावातलं फक्त 'टो'.
मावशी म्हणायची, हिचं मन संसारात नाही,
जणू मी ते बसस्टॉपवर विसरून आले,
छत्रीसारखं, आणि कुणीतरी आणून देईल.

काचेपलीकडे ब्रोना आवाज जुळवते.
तिच्या वाटणीला आली आहे ती दुसरी,
दोघांकडे बघून हसणारी. एक वकील, एक वकिलाची बहीण.
नजर फिरते म्हणजे नियत फिरते, असा हिशेब,
तेव्हा हार तिनेच चोरला असणार.
ब्रोना हेडफोन काढते.
"आधी नुआला होती, मग डेझमंड.
अठरा वर्षं तोच नवरा, तीच चहापत्ती,
आणि मी अजून तीच आहे जी होते.
यावर कोण मालिका काढणार?
एक भागसुद्धा चालणार नाही गं."

रॉचडेलहून मिस्टर ऑगडनचा फोन येतो महिन्याकाठी.
जन्मापासून अंध. वय एक्याऐंशी.
"एक विचारू? तुमच्या मालिकांत
डोकं फिरलेली माणसं कायम अंधारात का बसतात?
मी आयुष्यभर तिथंच बसलोय.
विजेचं बिल कमी येतं, एवढंच."

आणि तो पोरगा. पाचव्या भागात
त्यानं गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या.
पाचव्यात ओतल्या की आठव्यात सुरी,
हे मी आता पंचांग बघितल्यासारखं सांगते.
माझ्या गोळ्या रात्री दहाला, पाण्याबरोबर.
मग भांडी. मग झोप.
चौदा वर्षांत एकही खून नाही.
एकदा या कालव्याकडे फार वेळ बघत उभी होते,
नोव्हेंबर होता, हातात वाणसामानाची पिशवी, आत अंडी.
ते कुठल्याच फटीत मावत नाही.
अंडी मी घरी आणली. एक फुटलं होतं.

मसुद्यात लिहिलंय: तो वेड्यासारखा हसतो.
आई फोनवर म्हणते, वेडे, थर्मल घातलंस का?
तो शब्द वेगळा. तो ऊबदार असतो,
त्याला बाही असते.
हा इंग्रजी शब्द उघडा, आणि धार लावलेला.

मी लिहिलं: तो हसतो. डावा पाय थरथरतो.
मोजा उलटा घातलाय.
वरून परत आलं. दीड सेकंद जास्त.
पाय काढला. मोजा काढला, जीव तुटला.
'वेड्यासारखा' मात्र परत घातला नाही.
तो हसतो. एवढंच बोलले, सपाट आवाजात,
आणि उरलेल्या जागेत
ब्रोनानं नळाचं पाणी थोडं मोठं केलं.

ऑगडन ऐकतील.
पुढच्या महिन्यात विचारतील,
तो हसला तेव्हा नळ कुणी उघडा ठेवला होता?