डावी बाजू

पहिलं वर्ष मी दुसऱ्यांच्याच डोळ्यांनी फोटो काढले.
डबक्यात उलटी सायकल. भिंतीवर माणसाहून लांब सावली.
बाड्यावर कबुतरं उडवायला
एका पोराला दहा रुपये दिले,
तर तो दर रविवारी हजर, हात पुढे करून.
कबुतरं आपली आपण उडत होती तेव्हाही.

दिघेकाका म्हणायचे, चौकटीचे तीन भाग पाड,
माणूस रेघेवर उभा कर.
मी करायचे. माणूस उभा राहायचा रेघेवर
बँकेच्या रांगेत राहावा तसा.
काका मान डोलवायचे.
मला मात्र घरी आल्यावर
त्या माणसाचा चेहरा आठवायचा नाही.

मग लेन्स बदलली. सगळं काळं-पांढरं केलं.
एक अख्खा महिना फक्त लाल रंग टिपला:
मिरच्या, टपालपेटी, लग्नातल्या बँडवाल्याची बाही.
सोडून दिलं.

डिसेंबरात लष्करात गजक कुटतात.
पहाटे धुकं एवढं, की आधी ठोका येतो
आणि मग त्याच्यामागून माणूस.
मला ठोका येतो तो उजव्या कानात.
डावा गेला चौथीत असताना, गालगुंडात.
तेव्हापासून वर्गात, पंगतीत, टेम्पोत
मी डावं टोक पकडून बसते,
सगळं जग उजवीकडे राहावं म्हणून.
सवयच ती. सांगायचंही सुचत नाही कुणाला.

मकसूदभाईंच्या लॅबमध्ये
एकोणीस महिन्यांचे फोटो काउंटरवर पसरले होते,
पोस्टकार्डाएवढे, त्यातले बारा निवडायचे होते.
त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला,
चष्मा कपाळावर नेला,
आणि एकेका फोटोच्या डावीकडे बोट ठेवत गेले.
"बिटिया, इधर से कोई आने वाला था क्या?"

गजकवाले चौघे उजव्या कडेला खेटलेले,
डावीकडे ओली भिंत, नुसती भिंत.
हजिऱ्याची शिंपीण उजवीकडे, मशीनवर वाकलेली;
डावीकडे बंद दुकानाची शटर, तीही अर्धी.
छोट्या गाडीचे रूळ, जिच्यावर आता शेळ्या येतात,
शेळ्या सगळ्या उजवीकडे.
ऐन बाड्यावर, धनत्रयोदशीच्या गर्दीतसुद्धा
कुठून काढली होती मी एवढी मोकळी जागा?

मी रचलं नव्हतं हो यातलं काही.
शैली म्हणून जिला दोन वर्षं शोधत होते
ती माझ्या बहिऱ्या बाजूला बसली होती.
मारतही असेल हाका.
मला काय ऐकू येणार.

कळलं, आणि बिघडलं.
पुढचे तीन रविवार मी मुद्दाम डावीकडे जागा सोडली
आणि फोटो असे आले,
जसं कुणी पाहुण्यासाठी खुर्ची झटकून ठेवावी
आणि पुन्हा पुन्हा दाराकडे बघावं.
दिघेकाकांना मात्र आवडले.

चौथ्या रविवारी दाल बाजारात
एका हमालाचं डोकं, पोतं आणि पोत्यावर बसलेलं ऊन
एका ओळीत येत होतं. मी श्वास धरला.
डावीकडून हातगाडी आली.
गाडीवाला ओरडला असणार, सगळा बाजार ओरडला असणार.
धक्का बसला, बोट दाबलं गेलं.
हमाल गेला, ऊन गेलं.
डाव्या कडेला एक कोपर,
धूसर, मोठं, गाडीच्या दांड्याला धरून.

मकसूदभाईंनी प्रिंट उजेडाला धरली.
"आ गया," म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत.

तो फोटो चांगला नाही.
बारांत घातलाही नाही मी.
पण परवा कंपूकडच्या पुलावर
डोळ्याला कॅमेरा लावला, आणि लक्षात आलं,
की मी डावीकडे वळून बघते आहे,
कान नाही तर नाही, मान तरी.
मग पुन्हा समोर.
एक बाई पेरूची पाटी डोक्यावर घेऊन येत होती.
तिच्या मागे पूल होता.
बाकीचं मी तसंच राहू दिलं.