तांबूस रेघ

मार्चचा पहिला शनिवार. फिओर्डवरून बोचरा वारा,
आणि संग्रहालयाच्या मागच्या खोलीत रांग.
बटाट्यांची खोकी, सिगारचे डबे,
एका बाईच्या हातात केकचा साचा.
सगळ्यांत दगड.

बारा वर्षं मी इथे बसून नाही म्हणते आहे.
नाही, हे दंवानं फुटलंय.
नाही, हे समुद्रानं घासलंय, सुंदर आहे, नातवाला द्या.
नाही म्हणायच्या माझ्या सतरा तऱ्हा आहेत,
हो म्हणायची एकच:
मी खुर्ची पुढे ओढते.

चकमक वाचायची तर दिवा आडवा धरावा लागतो.
घाव बसला तिथे एक टेंगूळ,
टेंगळापासून निघालेल्या लाटा, काठाला न पोचता गोठलेल्या.
आणि सगळ्यावर साय,
मातीत हजारो वर्षं पडून
दगडावर धरलेली.
साय फाडून आतलं काळं दिसत असेल
तर तो घाव अलीकडचा.
एवढं समजलं की निम्मं काम झालं.
उरलेलं निम्मं माणसाच्या तोंडावर सांगायचं असतं.

थोर्किल बिसगोर चिखलाचे बूट दाराशी काढून आला.
दोन मोजे पायांत, तिसरा हातात,
तिसऱ्यात दगड.
“एकसष्ट साली सापडला. टेकाडामागच्या रानात. सोळा वर्षांचा होतो.”
तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत.
बायको होती तोवर दर शुक्रवारी पुसायची.
शाळेची पोरं बघायला यायची, रांगेनं,
आणि हा सांगायचा: अस्वल सोलायची सुरी.

पानासारखा होता.
टोकाला निमुळता, एका कडेला दाते, एकसारखे.
खरं सांगते, मी खुर्ची ओढली.

मग दिवा आडवा केला.

दात्यांच्या बुडाशी साय फाटलेली.
आत काळं, ओलं वाटावं इतकं काळं,
आणि तिथून निघालेली, केसाएवढी,
तांबूस रेघ.
लोखंड घासून जातं
आणि मागे गंज ठेवतं.

सतरांपैकी एकही तऱ्हा जिभेवर येईना.
मी विचारलं, “त्या साली शेतात नवं काय आलं होतं?”

तो खिडकीकडे बघत राहिला.
रांगेत कुणीतरी खोकलं.

“कुळव,” म्हणाला. “चकत्यांचा. ट्रॅक्टरमागे लावायचा.
बापानं नऊ डुकरं विकली त्यासाठी.
पहिल्या दिवशी रानातून असा खणखणत गेला
की आई पिठाच्या हातानं दारात आली.
बाप शिव्या घालत होता. दगडांना, कारखान्याला, हिमयुगाला.
पण प्रत्येक वळणावर
मागे वळून कुळवाकडे बघायचा आणि हसायचा.
हसायचा माणूस नव्हता तो.”

मग त्यानं दगड उचलला,
माझ्यासारखाच दिव्याखाली आडवा धरला.
रेघेवरून नख फिरवलं.
“हं,” म्हणाला.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं.
वस्तू. ठिकाण. काळ. कर्ता.
कर्ता हा रकाना कुणी छापला देव जाणे,
बारा वर्षांत त्यात मी एक अक्षर लिहिलेलं नाही.
संग्रहालयाला असला दगड नको असतो, त्याचं कार्डही होत नाही.
मी एक कोरं कार्ड घेतलं.

वस्तू: चकमक, दातेरी.
ठिकाण: बिसगोरांचं रान, टेकाडामागे.
काळ: एप्रिल १९६१.

“वडिलांचं नाव?”
“लाऊरिट्स.”
लिहिलं. त्यानं चष्मा लावून तपासलं.
“शेवटी झेड नव्हे. एस.”
मी खोडून एस केला.

दगड कोटाच्या एका खिशात, कार्ड दुसऱ्यात.
बूट घालायला त्याला बराच वेळ लागला,
मदतीला कुणी वाकलं तर हातानंच नको म्हणाला.

केकच्या साच्याची बाई पुढे आली,
अकरा दगड मांडले, आणि टेबलावरचा
लोकरीचा मोजा उचलून म्हणाली,
“हा पण तपासायचा आहे का?”

उलटा केला. चिमूटभर माती पडली.
मी ती पुसली नाही लगेच.