वजा सात

सकाळी आठ वीसला मी गणित लावते.
एका पंपाला केसिंग एक, इम्पेलर एक, शाफ्ट एक,
ओ-रिंगा तीन, बोल्ट आठ,
बेअरिंगं दोन.
चाळीस पंप, म्हणजे ऐंशी.
राजकोटहून माल यायला अठरा दिवस,
मध्ये दिवाळी आली तर देव जाणे.
हे सगळं भरलं की यंत्र सांगतं
काय मागवायचं, किती, कधी.

त्या सोमवारी पडद्यावर
बेअरिंगसमोर लिहिलेलं: वजा सात.

स्टोअरात गेले. घरत चिंधीला ग्रीसचे हात पुसत म्हणाले,
"मॅडम, मांडणीला वजा कळत नाही.
असतं, नाहीतर नसतं."
कप्पा रिकामा होता.
धूळ, आणि धुळीत खोक्याचा चौकोन.

मग हळूच कबूल झाले.
गुरुवारी त्र्याहत्तरच निघाली.
शुक्रवारी सुट्टी, शनिवारी गाडी लागणार,
म्हणून गल्ली ओलांडून गेले
समोरच्या गिअरवाल्यांकडे.
त्यांच्या पेवेकरांनी सात मोजून दिली
वर्तमानपत्रात गुंडाळून.
चलन नाही, गेटपास नाही.
हातउसनी.

आमच्या दिघ्याच्या चाळीत एक पोचा आलेली वाटी होती.
उसन्याला तीच.
पोच्यासकट माप सगळ्यांना ठाऊक.

अठराव्या दिवशी ट्रक आला. दोनशे.
मांडणीवर दोनशे, पडद्यावर एकशे त्र्याण्णव.
कागदावर तीनदा मांडून पाहिलं,
चूक नव्हती.
यंत्राला कुणी काही सांगितलं नव्हतं,
तरी त्यानं देणं बरोबर बाजूला काढलं होतं.

घरत सात खोकी घेऊन गल्ली ओलांडून गेले
आणि तशीच परत घेऊन आले.
गेटला साखळी. बँकेची नोटीस, कडेचा डिंक अजून ओला.
वॉचमन नवा,
त्याला आत काय बनायचं तेही माहीत नव्हतं.

मार्चमध्ये ऑडिटचा मुलगा शिडीवर चढून मोजत होता.
"सात जास्त आहेत."
"जास्त नाहीत," घरत म्हणाले, "आपली नाहीत."
असा रकाना त्याच्याकडे नव्हता.
त्यानं एक कळ दाबली,
दोन्हीकडचे आकडे सारखे झाले.

मी पेवेकरांचा नंबर मिळवला. श्रीवर्धनला असतात आता,
मागे कुणीतरी सुपारी सोलत होतं.
"कुठली सात?"
आठवेचना त्यांना.
मग म्हणाले, "पंप गेले का पण वेळेवर?"
गेले, म्हटलं.
"मग झालं की."

झालं नव्हतं.
त्या संध्याकाळी, एसी बंद झाल्यावर,
बेअरिंगच्या नोंदीत जिथे सुरक्षा साठा लिहितात
तिथलं शून्य पुसून मी सात लिहिलं.
आता ऑर्डर कितीही घाईची असो,
यंत्र ती सात धरतच नाही.
ती नसल्यासारखं मोजतं
आणि राजकोटला आधीच निरोप धाडतं.

समोर पार्सलांचं गोदाम झालंय.
रात्रभर दिवे, स्कॅनरची टिटटिट.
लाखभर वस्तू असतील आत,
एकही उसनी मागण्यासारखी नाही.
त्यांनाही आपल्याकडचं काही लागत नाही.

परवा नवा ट्रेनी विचारत होता, हा सात कुठून आला?
खप, दिवस, चढउतार धरून
सूत्रानं बावीस येतात.
निदान गोल आकडा तरी घ्या, दहा.

घरत वरच्या फळीवर
त्या सातांचं वर्तमानपत्र बदलत होते.
जुनं पिवळं पडलं होतं.

राहू दे, म्हटलं मी.
कुणी गल्ली ओलांडून आलंच तर.