नळाचा वार नव्हता

पाणी येऊन तीन दिवस झाले होते.
पिंपात हात घातला की
बोटांना गाळ लागायचा.

भूमेश पाय ओढत आला.
कारखान्यामागची तांबडी कुत्री,
जिला तो रोज भाकरीचा चतकोर टाकायचा,
न भुंकता आली म्हणे, आणि पोटरीला.
चार दात. रक्त थोडंच.
माझ्या सुपातली तंबाखू उधळली,
कात्री कुठं पडली कळलं नाही.

बुचम्मा हळद घेऊन धावली,
कुणी चुना म्हणालं, कुणी तिखट.
मी म्हणाले, नको. साबण आणा, कपड्याचा चालेल.
नीळ्ळु आणा.

माझ्या भावाला तिखटच भरलं होतं,
एकवीस वर्षांपूर्वी, साखर पेठेतल्या खोलीत.
जखम भरली. आम्ही विसरलो.
मग मे महिन्यात
अख्खी गल्ली घागरी घेऊन टँकरमागे पळत होती
आणि नरसिंग तांब्या बघून भिंतीत शिरत होता.
तहान त्याला. तांब्या आईच्या हातात.
पंख्याचा वाराही सोसेना.
शेवटी आईनं घरातले तांबे, पेले
सगळे पदराखाली झाकले.

पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्यात.
विडी घरकुलात वाहतं पाणी कुठलं,
नळ कोरडा असताना?

शकिलाबीनं वजूसाठी ठेवलेली कळशी ओतली.
बुचम्मानं हळद खाली ठेवून हंडा उचलला.
मड्डूरांच्या सुनेनं बाळाच्या अंघोळीचं आणलं, कोमट.
वरच्या मजल्यावरच्यांशी बोलणं बंद होतं, पाण्यावरूनच,
त्यांची बादली खाली आली,
शब्द नाही आला.
मी साबण लावत गेले.
भूमेश रडत रडत मोबाईलवर मिनिटं मोजत होता.
फेस गटारीकडे गेला, गुलाबी,
मग पांढरा.

मग रिक्षा, सिव्हिल, केसपेपर.
जखमेच्या कडेकडेनं सुया टोचल्या तेव्हा
पोरगं ओरडलं ते बाहेरच्या चहावाल्यानं ऐकलं.
शून्य, तीन, सात, अठ्ठावीस,
सिस्टरनं कार्डावर लिहून दिलं.
पंचवीस विड्यांचा कट्टा बांधणारी मी,
शून्यापासून मोजायचं मला नवीन.

कॅलेंडरवर नळाच्या वाराला निळा गोल असतो.
आता चार लाल पण.
सातवा दिवस दोन्ही रंगांत आला.
सुई घेऊन परतला तो सरळ नळाशी,
रांग मोडून, तोंड लावून,
घटाघटा प्यायला. शर्ट भिजला.
बायका ओरडल्या.

माझी कळशी रिकामी होती,
नंबर पुढचाच होता.
मी पाणी बंद व्हायची वेळ होईस्तोवर
त्याला पिऊ दिलं.