रिजेक्ट माल

कोल्हापुरात पाणी गोठत नाही.
पौषातल्या पहाटे फार तर
बिडाच्या झाकणातलं पाणी बोटाला चावतं,
एवढंच.

झाकण पंपाचं. चौदा किलो.
कडेला ब्लोहोल, म्हणून रिजेक्ट.
वर खडूनं मारलेली फुली
कधीच पावसानं गेली, मला मात्र दिसते.
भोकात एम-सील भरून
परसात, शेवग्याखाली, तीन विटांवर बसवलंय.
आधी बंबातलं ऊन पाणी, तांब्याभर,
मग गार.
कोपर बुडवून बघतो.
खोली दोन पेरं. चिमणी उभी राहील,
बुडणार नाही.

एकतीस वर्षं शिरोलीत ओतारी होतो.
पाण्याशी आमचं वैर.
साच्याच्या वाळूत ओल जादा झाली
की कास्टिंग आतून फसफसतं, भोकं पडतात.
ओल्या लाडलमध्ये रस घेतला
तर माणूसच जातो.
डाव्या मनगटावर ज्वारीएवढे डाग आहेत,
एकदा मालननं मोजले, सतरा.

इलाही मुल्लाणी मात्र
रात्रपाळी सुटताना
कंप्रेसरपाशी घमेलं भरून ठेवायचा.
तिथली फरशी कोमट.
उजाडायला धोबी यायचे, करडे-पांढरे,
शेपटी वरखाली, वरखाली,
पंचिंगला उशीर झाल्यासारखे.
मी म्हणायचो, उन्हाळ्यात ठेव की गा,
हितं थंडीत कुणाला तान लागतीया?
तो म्हणायचा,
उन्हाळ्यात समदीच ठेवत्यात.

खरंच.
चैत्रात मंडळवाले मातीची भांडी वाटतात,
पेपरात फोटो येतो.
मिरगाला भांडी पालथी होतात, जिन्याखाली जातात.
चोच तेवढी पालथी घालता येत नाही.

परवा डेंगीच्या सर्व्हेची बाई आली.
झाकणात टॉर्च मारून म्हणाली,
काका, हे ओतून टाका.
म्हटलं, रोज ओततोय बाई,
जल्मभर त्येच केलंय.
ती वाकली. आळी नव्हती.
एक पीस होतं, शेवग्याची दोन फुलं.
तिनं दारावर खडूनं तारीख घातली, सही केली.
बऱ्याच वर्षांनी
माझ्या मालावरनं खडू
फुली न मारता उठला.
जाता जाता तिनंच विचारलं,
बुलबुल येतो का हो?

येतो. जोडीनं येतो.
साळुंख्या भांडतात, निम्मं पाणी बाहेर.
सातभाई आले की लग्नघर.
दयाळ एकटाच, सगळे उठून गेल्यावर,
इकडंतिकडं बघत.
धोबी नाही आला अजून.
मालन म्हणते,
त्येस्नी शिरोलीचा पत्ता ठावं,
कदमवाडीचा कोण सांगणार?

शिरोलीची शेड विकली गेली.
आता तिथं काचेचं शोरूम आहे, आत गाड्या,
बाहेर कुठंच काही गळत नाही.
इलाही त्याआधीच गेला, माघातल्या एका दुपारी.
तीन मुठी माती टाकायची होती.
पहिली मूठ घेतली, आणि सवयीनं
दाबून बघितली, उघडली,
बोटांचे ठसे तसेच राहिले.
ओल बरोबर होती.
कुणाला सांगणार?
टाकली.

आज पंचगंगेकडनं धुकं आलंय,
त्यात कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड करपट वास.
तांब्या रिकामा केला
आणि एक पाऊल मागं सरलो.
ओतून झालं की मागं सरायचं,
पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही
की हे पाणी आहे.

बिडावरनं वाफ उठते.
भिंतीवर चिमणी, मान वाकडी करून.
मग उतरते, बरोबर ब्लोहोलपाशी,
जिथं एम-सील जरा वर आलंय, खडबडीत,
घासायचं राहून गेलंय.
नख्यांना धरायला
बरं पडत असेल.