तीन जोड्या

गगनबावड्याच्या अलीकडं तंबूच्या दोऱ्या ताणून झाल्यावर
आम्ही भाजी खुडायला निघालो.
मी पुढं, शहाणा.
मोबाईलला रेंज नव्हती; माझ्या बोलण्याला होती.

पिशवी भरून परतताना
बांधावर ठकूबाई, खांद्यावर घोंगडं, मागं चार शेरडं.
न विचारताच पिशवीत हात घातला तिनं.
"ह्यो टाकळा. तीन जोड्या, टोक गोल.
आन् ह्यो गं? मोज की."
स्वरांगीनं मोजल्या.
चार... पाच. टोकं सुईसारखी.
"वळखीचा वाटतोय,
पर वळखीचा न्हाई."

अर्धी पिशवी बांधावरच उपडी झाली.
मी म्हटलं, थोडं खाल्लं तर काय हुतंय?
ती माझ्याकडं नाही,
पोरीकडं बघत राहिली.

रात्री भाकरी, खर्डा,
आणि लसणावर परतलेला टाकळा,
चौघांत मिळून चार घास.
कढईत पडण्याआधी प्रत्येक डहाळी
पोरीच्या बोटांखालून गेलेली.

निजताना ती बॅटरी घेऊन बाहेर.
तंबूशेजारच्या टाकळ्यानं पानं मिटून घेतली होती.
मी म्हटलं, हा आपलाच, उद्याला खुडू.
तिनं बॅटरी विझवली.
"मिटल्यावर कळत नाही, बाबा.
उजाडू दे."